संगीतसूर्य केशवराव भोसले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात "आज केशवरावला नाटक आहे" एवढं म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. पण ज्यांच्या नावाने हे नाट्यगृह ओळखलं जातं ते केशवराव कोण, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यात बाहेरगावचे पाहुणे असतात, प्रकल्प करणारी कॉलेजची मुलं असतात, घरात आजोबांच्या तोंडून नाव ऐकलेले तरुण असतात. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. केशवरावांची आठवण बहुतेक वेळा दोन गोष्टींपाशी येऊन थांबते : नाट्यगृहावरचं नाव आणि बालगंधर्वांबरोबर केलेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग. मला त्यांची कारकीर्द या दोन्हींपेक्षा मोठी वाटते, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

केशवराव भोसले कोण होते, थोडक्यात सांगाल का?

मराठी संगीत रंगभूमीचे गायक नट आणि 'ललितकलादर्श' नाटक मंडळीचे संस्थापक. जन्म 9 ऑगस्ट 1890, कोल्हापूर. मृत्यू 4 ऑक्टोबर 1921, पुणे. आयुष्य अवघं एकतीस वर्षांचं, पण त्यातली बहुतेक सगळी रंगभूमीवर गेलेली. 'संगीतसूर्य' ही त्यांची ओळख आजही त्यांच्या नावाआधी लावली जाते.

इतक्या लहानपणी ते नाटकात कसे गेले?

वडिलांचं छत्र लवकर हरपलं आणि घरची ओढाताण होती. मुलाला नाटक कंपनीत घालणं तेव्हाच्या समाजात कमीपणाचं मानलं जाई. तरीही गरीब घरातल्या गोड गळ्याच्या मुलासाठी दोन वेळचं जेवण आणि विद्या एकाच ठिकाणी मिळण्याचा तो एक रस्ता होता. केशवराव जनुभाऊ निमकरांच्या 'स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी'त दाखल झाले तेव्हा ते अगदी पोरवयाचे होते.

नाटक कंपनी म्हणजे नेमकं काय, हे आजच्या वाचकाला नीट सांगायला हवं. आजच्यासारखं नट संध्याकाळी नाट्यगृहावर आले, प्रयोग केला आणि घरी गेले, असं तेव्हा नव्हतं. मालक, नट, गवई, पेटीवाले, तबलजी, पडदेवाले, आचारी असा पन्नास-शंभर माणसांचा संसार गावोगाव फिरायचा. मुक्कामाच्या गावी मोठा वाडा भाड्याने घेऊन तिथे कंपनीचं बिऱ्हाड पडायचं. एकत्र पंगत उठायची. सकाळी गाण्याची मेहनत, मग तालीम, दुपारी नक्कल पाठ करायची. नक्कल म्हणजे आपल्या भूमिकेची भाषणं उतरवून घेतलेली वही. मुलांना शाळा नव्हती. वाचणं, शुद्ध बोलणं, उभं राहणं, साडी सावरणं, ताल धरणं हे सगळं तालीममास्तरांच्या धाकात व्हायचं. मार बसायचा, घरची आठवण यायची आणि रात्री प्रेक्षकांसमोर हसऱ्या चेहऱ्याने उभं राहावं लागायचं. बालनटांचं कौतुक वाचताना या कष्टांचीही जाणीव असावी, असं मला मनापासून वाटतं.

त्यांचं नाव पहिल्यांदा कोणत्या भूमिकेमुळे झालं?

'शारदा'मुळे. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' 1899 साली रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावणाऱ्या बापाची आणि त्या मुलीची ही गोष्ट. तोवर संगीत नाटकातली पात्रं बहुतांशी पुराणातली किंवा संस्कृत नाटकांतली असत. शारदा मात्र शेजारच्या घरातली वाटावी अशी मुलगी. तिचा म्हातारा नवरदेव भुजंगनाथ, तिचा बाप कांचनभट, तिची आई इंदिराकाकू हे लोक प्रेक्षकांनी आपल्या गल्लीत पाहिलेले होते.

आता ही भूमिका कोवळ्या आवाजाचा, लहान चणीचा मुलगा करतोय, हे डोळ्यांसमोर आणा. मोठ्या वयाचा नट ही भूमिका करतो तेव्हा प्रेक्षकाला मुलीचं वय मानून घ्यावं लागतं. केशवरावांच्या बाबतीत मानून घ्यायची गरजच नव्हती. समोर खरोखरच एक लेकरू उभं होतं. 'मूर्तिमंत भीती उभी' हे शारदेचं पद त्यांच्या तोंडून लोकांच्या काळजात घुसलं आणि त्यांच्या नावाशी कायमचं जोडलं गेलं. माझ्या मते त्यांच्या पुढच्या सगळ्या गाण्याचं बीज इथे आहे. पद सुंदर म्हणायचंच, पण त्या क्षणी त्या पात्राला ते का म्हणावंसं वाटतं हे आवाजात आलं पाहिजे, ही समज त्यांना फार लवकर मिळाली.

पुरुष स्त्रियांच्या भूमिका का करत? केशवराव फक्त स्त्रीभूमिकाच करायचे का?

घरंदाज बाईने रंगमंचावर येणं समाजाला मान्य नव्हतं, म्हणून. फक्त स्त्रियांच्या अशाही काही नाटक मंडळ्या होत्या, पण मोठ्या पुरुषी कंपन्यांत नायिका पुरुषच रंगवत. स्त्री-पुरुषांनी एकत्र काम करणं मराठी व्यावसायिक रंगभूमीवर रुळलं ते 1930 च्या सुमारास आणि त्यानंतर.

केशवरावांनी शारदेखेरीज 'मृच्छकटिक'मधली वसंतसेना, 'सौभद्र'मधली सुभद्रा अशा नायिका केल्या. वय वाढलं तसे ते पुरुषभूमिकांकडे वळले. 'मानापमान'मधला त्यांचा धैर्यधर गाजला. नायिका म्हणून नाव झालेल्या नटाला नायक म्हणून स्वीकारलं जाणं सोपं नव्हतं. प्रेक्षकांच्या मनात एक चेहरा पक्का बसलेला असतो आणि तिकीटबारी त्या चेहऱ्यावर चालते. मालक असूनही त्यांनी हा धोका पत्करला, याचं मला विशेष मोल वाटतं.

'ललितकलादर्श' कोल्हापुरात न निघता हुबळीला का निघाली?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कोल्हापूरकर विचारतो. 'स्वदेशहितचिंतक'मधून बाहेर पडून केशवरावांनी 1 जानेवारी 1908 रोजी हुबळीत 'ललितकलादर्श'ची स्थापना केली. तेव्हा त्यांचं वय सतरा.

आजच्या राज्यांच्या सीमा डोक्यातून काढून पाहिलं की उत्तर सोपं होतं. हुबळी, धारवाड, बेळगाव हा भाग तेव्हा मुंबई इलाख्यात होता. हुबळी रेल्वेचं मोठं ठाणं. सामान, पडदे, माणसं हलवणाऱ्या कंपनीला रेल्वे फार मोलाची. शिवाय त्या भागात मराठी संगीत नाटकाला हक्काचा प्रेक्षक होता. पुढे किराणा घराण्याचे थोर गवई झालेले सवाई गंधर्व मूळचे त्याच मुलखातले, आणि त्यांनीही मराठी संगीत नाटकांतून स्त्रीभूमिका केल्या. म्हणजे हुबळीला कंपनी काढणं हे घरापासून लांब जाणं नव्हतं, नाटकवाल्यांच्या नेहमीच्या वाटेवरचंच ते गाव होतं.

सतरा वर्षांच्या मुलाने कंपनी चालवली म्हणजे नेमकं काय केलं?

एवढ्या माणसांच्या जेवणाची, पगाराची, प्रवासाची जबाबदारी घेतली, हे पहिलं. पाऊस लागला, साथ आली, गावात खेळ पडला, तरी बिऱ्हाडातली चूल पेटावीच लागते. मुख्य भूमिका करणारा मालकच आजारी पडला तर सगळंच थांबतं. या ताणाखाली ते जवळजवळ चौदा वर्षं होते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. जुनी, हमखास चालणारी नाटकं करून कंपनी आरामात चालली असती. केशवरावांनी नव्या लेखकांची नवी नाटकं घेतली. वीर वामनराव जोशी यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' त्यांनी केलं, आणि त्यातली मृणालिनी ही त्यांची गाजलेली भूमिका. मग मामा वरेरकर आले. हुंड्याच्या प्रश्नावरचं 'हाच मुलाचा बाप' आणि त्यानंतर 'संन्याशाचा संसार' ही वरेरकरांची नाटकं ललितकलादर्शने रंगमंचावर आणली. गाणं ऐकायला आलेल्या प्रेक्षकाला घरातलाच अवघड प्रश्न दाखवायचा, आणि तरी त्याचं गाण्याचं समाधान करून परत पाठवायचं, ही कसरत होती. 'शारदा' करून मोठा झालेला नट पुढे मालक झाल्यावर हुंड्यावरचं नाटक निवडतो, याची संगती मला स्पष्ट दिसते.

गाणं ते कुणाकडे शिकले? त्यांची गायकी कशी होती?

रामकृष्णबुवा वझे यांची तालीम त्यांना लाभली. वझेबुवांचा ललितकलादर्शशी पुढेही संबंध राहिला, नाटकांच्या चाली त्यांनी दिल्या. वझेबुवांचं गाणं दमदार, तडफेचं, अनवट रागांत रमणारं. तोच पीळ केशवरावांच्या पदांत उतरला.

बालगंधर्वांशी तुलना टाळता येत नाही, म्हणून करतो. बालगंधर्वांच्या गाण्यात लडिवाळपणा, शब्दाला कुरवाळणं, सुरात न्हाऊन निघणं. केशवरावांच्या गाण्यात पल्ला, चढा सूर, तानेची झेप आणि आवेश. एकाला मोठं ठरवायला दुसऱ्याला लहान करायची गरज नाही. त्या काळातल्या प्रेक्षकांनीही दोघांना डोक्यावर घेतलं, फक्त भांडत भांडत.

त्या वेळी माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा जायचा?

मेहनतीने. लहानपणापासून खुल्या आवाजात, चढ्या पट्टीत रियाज असायचा. बोलतानाही प्रत्येक अक्षर सुटं आणि वजनाने फेकायची सवय लावली जायची. वाद्यांचा मेळही नटाच्या आवाजावर चढणार नाही असा बेतलेला असे. खासबागेच्या खुल्या कुस्ती मैदानावर केशवरावांनी हजारो माणसांसमोर नाटक केल्याची आणि त्यांचं गाणं दूरवर ऐकू गेल्याची हकीकत कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

प्रयोग किती वेळ चालायचा, असंही विचारतात. रात्री सुरू झालेला खेळ उत्तररात्रीपर्यंत, वन्समोअर जास्त पडले तर पहाटेपर्यंतही.

ललितकलादर्शच्या पडद्यांची एवढी चर्चा का होते?

कारण केशवरावांना नाटक डोळ्यांनाही दिसायला हवं होतं. त्यांच्या मखमली दर्शनी पडद्याचं वर्णन जुन्या आठवणींत येतं. रंगवलेल्या पडद्यांसाठी कोल्हापुरात त्यांना दोन फार मोठे कलावंत मिळाले, आनंदराव आणि बाबूराव मिस्त्री. सुतार-शिल्पकारांच्या घरातले हे भाऊ रस्ता, महाल, बाग, जंगल असे पडदे इतके जिवंत रंगवायचे की नाट्यव्यवसायात त्यांना 'पेंटर' याच नावाने ओळखू लागले. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूराव पेंटरांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा पाया घातला. बाबूराव आणि केशवराव दोघांचाही जन्म 1890 चा आणि कोल्हापूरचाच. कोल्हापूरचा सिनेमा नाटकाच्या पडद्यांतून उगवला असं मी म्हणतो ते यामुळेच.

राजर्षी शाहू महाराजांचा या सगळ्यात वाटा काय?

फार मोठा. महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांसारखा गवई दरबारी ठेवला, मल्लांना आश्रय दिला, नाटक मंडळ्यांना मदत केली. 1902 च्या युरोप दौऱ्यात त्यांनी रोम पाहिलं, आणि तिथल्या प्राचीन रंगमंडलाच्या धर्तीवर खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. त्याला लागूनच 1913 ते 1915 या काळात पॅलेस थिएटर, म्हणजेच पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह, बांधलं गेलं. प्रेक्षागृहाच्या मध्ये एकही खांब नाही, त्यामुळे कुठूनही रंगमंच सरळ दिसायचा. कुस्ती आणि नाटक एका भिंतीला भिंत लावून वसवणारा राजा आपल्याला लाभला, हे कोल्हापूरचं भाग्य.

केशवरावांच्या बाबतीत या आश्रयाला आणखी एक अर्थ आहे. संगीत रंगभूमीचे मालक, लेखक, गाजलेले नट यांत तेव्हा ब्राह्मण समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. गरीब मराठा घरातला मुलगा त्या क्षेत्रात पहिल्या रांगेत जाऊन बसला, स्वतःच्या कंपनीचा मालक झाला. ज्ञानाची आणि कलेची दारं सगळ्या जातींना उघडावीत यासाठी झटणाऱ्या राजाला याचा आनंद झाला नसता तरच नवल.

बालगंधर्वांचा कोल्हापूरशी काही संबंध होता का?

होता. नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर नाटक मंडळीत येण्याआधी त्यांच्या कानाचं दुखणं होतं. त्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. वान्लेस यांच्याकडे उपचार झाले, आणि त्यासाठी शाहू महाराजांनी पुढाकार घेतला होता. 'मानापमान'चे संगीतकार गोविंदराव टेंबे हेही कोल्हापूरच्याच परिसरातले.

'संयुक्त मानापमान' म्हणजे काय? केशवराव आणि बालगंधर्व यांच्यात खरंच वैर होतं का?

चढाओढ होती, ती बालगंधर्वांची 'गंधर्व नाटक मंडळी' आणि ललितकलादर्श या दोन कंपन्यांची आणि त्याहून जास्त त्यांच्या चाहत्यांची. 'गंधर्व'वाले आणि 'ललितकलादर्श'वाले असे तट गावोगाव पडले होते. बालगंधर्व आणि केशवराव एकमेकांच्या गाण्याचा मान ठेवून होते, त्याशिवाय पुढची गोष्ट घडलीच नसती.

लोकमान्य टिळक 1 ऑगस्ट 1920 ला गेले. त्यांच्या नावाने गांधीजींनी टिळक स्वराज्य फंड उभारला, एक कोटी रुपयांचा संकल्प करून. त्या फंडाच्या मदतीसाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून एक प्रयोग करावा असं ठरलं. नाटक कृ. प्र. खाडिलकरांचं 'मानापमान', तारीख 8 जुलै 1921, जागा मुंबईचं बालीवाला थिएटर. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

या नाटकाची निवडही अचूक होती. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला नाकारते, मग त्याच्या शौर्यावर भाळते. नाटकभर दोघांचा मान-अपमानाचा सामना चालतो. ज्यांच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षं सामना लावला होता तेच दोघे एकमेकांसमोर उभे. महागड्या दराची तिकिटं संपली आणि पदापदाला वन्समोअर पडले. त्या रात्री जिंकलं कोण, हा वाद त्यानंतर कित्येक वर्षं चालला. मला तो वाद गौण वाटतो. दोन प्रतिस्पर्धी मालकांनी आपापल्या कंपनीचा फायदा बाजूला ठेवून एका देशकार्यासाठी एकाच रंगमंचावर उभं राहणं, ही त्या प्रयोगाची खरी कमाई.

इतक्या लहान वयात मृत्यू कशाने झाला?

विषमज्वराने, पुण्यात, 4 ऑक्टोबर 1921 रोजी. 'संयुक्त मानापमान'ला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. त्या काळात विषमज्वरावर प्रतिजैविकं नव्हती. सुश्रूषा करायची आणि ताप उतरायची वाट बघायची, एवढंच हातात असे. पुढच्या मे महिन्यात शाहू महाराजही गेले. कोल्हापूरच्या कलाविश्वाने काही महिन्यांत दोन आधार गमावले.

मग ललितकलादर्श बंद पडली का?

नाही, आणि केशवरावांच्या कारकिर्दीचं मोजमाप करताना मी हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. प्रमुख नट-मालक गेला की कंपनी विस्कटते, असाच तेव्हाचा अनुभव. ललितकलादर्श कंपनीतलेच गायक नट बापूराव पेंढारकर यांनी सावरली. वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' 1922 मध्ये आलं. बापूराव 1937 मध्ये गेले, त्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी संस्थेला पुन्हा उभं केलं. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' ही नाटकं त्याच संस्थेची. भालचंद्र पेंढारकर 2015 पर्यंत आपल्यात होते. हुबळीला सतरा वर्षांच्या पोराने लावलेलं रोप शंभर वर्षं टिकलं, कारण त्याने आपल्या गळ्यापुरती कंपनी काढली नव्हती. लेखक, गवई, चित्रकार, शिस्त हे सगळं त्याने आत रुजवलं होतं.

पॅलेस थिएटरला त्यांचं नाव कधी दिलं गेलं? आगीत काय झालं?

1957 मध्ये थिएटरचं नामकरण 'केशवराव भोसले नाट्यगृह' असं झालं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, तिथे भीषण आग लागली. रंगमंच, छप्पर, खुर्च्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी जयंतीसाठी जमायचे ते रंगकर्मी जळक्या भिंतींसमोर उभे राहून रडले. मूळ वास्तूचं रूप राखून नाट्यगृह पुन्हा बांधायचं, असा निर्णय शासनाने घेतला. माझी एक विनंती आहे. नव्या वास्तूत केशवरावांची तसबीर तर लागेलच, पण त्यांच्या नाटकांची, भूमिकांची, ललितकलादर्शची माहिती देणारं एक कायमचं दालनही असावं. नाव माहीत आणि माणूस माहीत नाही, ही स्थिती तरी बदलेल.

कोल्हापुरात या काळाच्या खुणा आणखी कुठे बघायला मिळतील?

खासबाग मैदान बघा, नाट्यगृहाला चिकटूनच आहे. जवळच गायन समाज देवल क्लब आहे, 1883 पासूनची संगीतसंस्था, जिथे आजही मैफली होतात. या दोन्ही ठिकाणी पायी फिरून झालं की शाहू महाराजांच्या डोक्यातला नकाशा थोडाफार कळतो.

मला नाट्यसंगीताची सवय नाही. सुरुवात कुठून करू?

आधी 'शारदा'ची संहिता वाचा. छोटी आहे, भाषा आजही कळते, आणि पदं प्रसंगात कुठे येतात हे ध्यानात येतं. नुसती पदं ऐकली तर ती जुन्या गाण्यांचा संग्रह वाटतात. प्रसंग माहीत असला की तेच पद बोलू लागतं. त्यानंतर 'मानापमान' वाचा आणि धैर्यधराची पदं वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात ऐका. भालचंद्र पेंढारकरांचं गाणं जरूर ऐका, ललितकलादर्शच्या घराची चाल त्यात आहे. आणि तुमच्या गावात संगीत नाटकाचा प्रयोग लागला, हौशी मंडळींचा असला, तरी तिकीट काढून जा. घरातल्या मुलांना बरोबर न्या.